सीमेपलीकडे लिंबू चालत नाही

पर्थ,
कोजागरी पौर्णिमा

तीर्थरूप अण्णांस,
ताईचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही चौघं, गाडी आणि मागची ट्रॉली असे सगळे काल संध्याकाळी पर्थला धडधाकट पोचलो. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि ओसरीवर निम्मी गल्ली बसलेली असते. यातल्या काही गोष्टी माझ्या सासरी कराडला पोचायला नकोत, म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा, पण हळू आवाजात.

ॲडलेडहून सामान ट्रकनं पाठवायला किती पडतील ते ऐकल्यावर तुमच्या जावयांनी ठरवलं, की जुनी कॅराव्हॅन घ्यायची, तीत संसार भरायचा आणि आपणच ओढत न्यायचा. २,७०० किलोमीटर. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, फ्रीज, सगळं. आपल्या ट्रॉलीला छप्पर आणि पडदे लावले की झाली कॅराव्हॅन, पण हे इथं कुणाला बोलायचं नसतं.

ओढायला आपली १९९७ ची लँडक्रूझर. एवढी जुनी गाडी कशाला, असं तुम्ही मागं विचारलं होतंत. तर तिच्या ४.२ लिटरच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनात टर्बो नाही की कॉम्प्युटर नाही. पंप पूर्ण यांत्रिक. रानावनात बंद पडली तर पाना घेऊन कुणीही तिच्याशी बोलू शकतं. ताकद साधारण १३० अश्वशक्ती, म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरच्या अडीचपट. ऐकायला बरं वाटतं. पण तुमचा ट्रॅक्टर ऊस घेऊन ताशी वीसनं डुलत जातो. हिनं भिंतीएवढी खोली वाऱ्यात ऐंशीनं ओढावी अशी आमची अपेक्षा होती.

खंडेनवमीला निघालो. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पूजा सांगितली. हुकाला हळद-कुंकू, बॉनेटला झेंडूचा हार आणि बंपरला लिंबू-मिरची. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून पाहून विचारलं, हे ब्रेकसाठी आहे का? मी हो म्हटलं. अगदीच खोटं नाही ते.

निघण्याआधी वजनकाट्यावर गेलो होतो. कारखान्याचा काटा आणि इथला काटा यावर तुम्ही काय बोलाल ते ठाऊक आहे, ते राहू द्या. भरलेली कॅराव्हॅन २,३८० किलो भरली. आमच्या गाडीला अडीच टनांपर्यंत ओढायची परवानगी, त्यामुळे जावई खूष. चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवली. पण एकूण वजन बरोबर असलं तरी ते बसलंय कुठं, हे चिठ्ठीत नव्हतं. ते सगळं शेपटाकडं होतं. तांदूळ आणि आट्याची पोती, पुस्तकांची खोकी, पाण्याचे कॅन आणि आईनं हट्टानं दिलेला पाटा-वरवंटा.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की पश्चिमेला आयर हायवे लागतो. तिथून नॉर्समनपर्यंत १,६६० किलोमीटर. एडवर्ड जॉन आयर १८४१ मध्ये या भागातून घोड्यांसह आणि पायी गेला, त्याचं नाव रस्त्याला. त्याला पाणी मिळत नव्हतं. आम्हाला समोरून रोड ट्रेन मिळाली. रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागं दोन लांब ट्रेलर, ३६ मीटर लांबी, आपल्या उसाच्या जोड ट्रॉलीचा चुलता. ती शेजारून गेली तशी हवेनं आधी आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं, आणि मागची खोली नाचायला लागली. डावीकडं, उजवीकडं, दर हेलकाव्याला जास्त. आरशात कधी कॅराव्हॅनची ही खिडकी, कधी ती. थोरला म्हणाला, "मस्त!" धाकटी रडली.

इथं मात्र जावयांना पैकीच्या पैकी मार्क. पाय ब्रेकवर गेला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशखालचा कळीचा ब्रेक हातानं दाबला, जो फक्त कॅराव्हॅनच्या चाकांना लागतो. ट्रॉलीनं गाडीला मागून खेचून धरलं आणि नाच थांबला. पुढं चार किलोमीटर कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "वाऱ्यामुळं झालं." मी म्हटलं, "माल मागं आहे."

किंबाला थांबलो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व-पश्चिम काठांच्या मधोमध आपलं गाव आहे असं तिथला फलक सांगतो, आणि शेजारी एक प्रचंड गुलाबी काकाकुवा उभा केलाय. शेजारच्या तळावर एक निवृत्त जोडपं होतं. अशांना इथं ग्रे नोमॅड म्हणतात. पिकली डोकी, चाकावरचं घर, बारा महिने वारी. त्या बाबांकडं हुकाखाली ठेवायचा छोटा काटा होता. हुकावर भार निघाला १२० किलो. हवा होता एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. "माल चाकावर, अन् जरासा पुढं," हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. मालाचा भार फार पुढं आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि बॉनेटवर दोन गडी बसवावे लागतात, फार मागं गेला की ट्रॉली नाचते. तेच गणित जावयांनी तीन रात्री व्हिडिओ बघून शिकलं होतं, फक्त तिथं पाटा-वरवंटा नव्हता. काकाकुव्याच्या सावलीत पावणेदोनशे किलो सामान चाकांच्या पुढं हलवलं. काटा २२० वर आला. त्यानंतर रोड ट्रेन गेली की खोली नुसती मान हलवायची.

सेडूना ओलांडलं की झाडं कमी होत होत संपतात. नलारबोर हे नाव लॅटिन, अर्थ 'एकही झाड नाही'. त्यामुळं वाऱ्याला अडवायला कुणी नाही, आणि आम्ही होतो त्या दिवसांत वारा थेट पश्चिमेकडून, तोंडावर. पाचवा गिअर तर ओढताना घालायचाच नव्हता. चौथ्यातही गाडी ऐंशीच्या खाली घसरायची आणि लिटरला साडेचार किलोमीटर देत होती. डिझेलचे दर पंपागणिक चढत जातात आणि दोन पंपांमधे शंभर-दोनशे किलोमीटर काही नाही, त्यामुळं जावई फलक वाचत नव्हते, काटा बघत होते.

आता लिंबाची गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर गाड्या तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं, माती, काही आत नेता येत नाही, किडी येऊ नयेत म्हणून. हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आदल्या रात्री नलारबोर रोडहाऊसला मुक्कामात सगळे कांदे भज्यांत घातले, मिरच्यांचा खरपूस ठेचा केला आणि उरलेला मध पोरांना चाटवला. वारा असा, की पीठ कढईपेक्षा शेजाऱ्यांच्या गाडीवर जास्त गेलं. ते भजी खायला आले आणि ठेचा खाऊन लवकर गेले.

सकाळी बॉर्डर व्हिलेजला आम्ही अभिमानानं फ्रीज उघडून दाखवला. रिकामा, पुसलेला. अधिकारीण बाई प्रसन्न. मग ती गाडीला वळसा घालून पुढं गेली आणि बंपरपाशी थांबली. "हे लिंबू आहे?"

अण्णा, बंपरवरचं लिंबू हे फळ आहे हे आमच्या चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जावयांनी समजावायचा प्रयत्न केला, की हे खायचं नाही, हे दृष्टीचं आहे. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, मिरच्या मोजल्या आणि सगळं डब्यात टाकलं. हार वाळला होता, तोही गेला. याच राज्यात १९७९ मध्ये नासाचं स्कायलॅब कोसळलं, तेव्हा कचरा केला म्हणून एस्परन्सच्या लोकांनी नासालाच ४०० डॉलरचा दंड लावला होता. तिथं आमच्या लिंबाची काय कथा.

पुढं यूकला. तिथल्या घड्याळाचा पर्थशी पाऊण तासाचा फरक. अर्धा नाही, एक नाही, पाऊण. सासूबाईंचा फोन कधी येईल हे मला दिवसभर कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं. कारण लिंबू गेल्यावर चार तासांत माडुरा घाट लागला.

घाट म्हणजे आपल्या कुंभार्लीचं पिल्लू. पण दोन टन मागं, ऊन ३४ अंश, वारा तोंडावर. तिसरा गिअर, ताशी ४०. या गाडीचा कंपनीचा तापमानकाटा संसारी बाईसारखा आहे, आत कितीही उकळलं तरी चेहरा मधोमध. म्हणून जावयांनी वेगळा आकड्यांचा काटा बसवून घेतलाय. तो ९२ वरून ९८, १०१, १०४. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण चालू केला, म्हणजे इंजिनातली उष्णता आमच्या अंगावर. चौघं घामानं निथळत, धाकटी विचारतेय आपण भाजी झालो का. पण आकडा थांबला, मग उतरायला लागला, आणि वर पोचलो तेव्हा ९५. रेडिएटर निघण्याआधी साफ करून घेतला होता म्हणून जमलं असं जावयांचं मत. सासूबाईंचं मत आम्ही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरळ रस्ता, १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं तेवढंच.

आता तो मजकूर, जो कराडला पोचायचा नाही. नॉर्समनच्या तळावर आम्हाला दोन झाडांमधली जागा मिळाली. मागं घ्यायचं होतं. संध्याकाळी तिथली सगळी मंडळी खुर्च्या टाकून, हातात पेला घेऊन, नवी कॅराव्हॅन मागं कशी घेतात ते बघत बसतात. आपल्या पारावरच्यासारखंच. जावयांनी पहिल्यांदा घेतली, ती पाण्याच्या नळाकडं. दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या तंबूकडं. तिसऱ्यांदा गाडी आणि कॅराव्हॅन एकमेकींकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी मागं उभी राहून हात हलवत होते, त्याचा ते उलटा अर्थ लावत होते, आणि आवाज चढत होते. मग ते उतरले आणि किल्ली न बोलता माझ्यापुढं धरली.

मला आठवत होतं, अण्णा. खळ्यावर तुमच्या मांडीत बसून, दोन चाकी ट्रॉली मागं घेताना तुम्ही म्हणायचात, "पोरी, चाक उलटं, डोकं सुलटं." हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला. शेपूट जिकडं न्यायचं तिकडं हात, हळूहळू, आणि वळायला लागली की लगेच मागं धावायचं. एका दमात आली. खुर्च्यांतून टाळ्या. जावईही वाजवत होते, हे मुद्दाम लिहिते.

रात्री ते म्हणाले, "तुझे वडील दोन ट्रॉल्या मागं घेतात?" मी म्हटलं, दोन ट्रॉल्या कुणीच मागं घेत नाही, सोडून एकेक घेतात. त्यांना बरं वाटलं.

गळीत सुरू झालं का? टोळी वेळेवर आली का? गुडघ्याला तेल लावत जा. आईला नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. पर्थच्या घराच्या परसात लिंबाचं झाड आहे. आज सकाळी नवं लिंबू-मिरची बंपरला बांधून सासूबाईंना फोटो पाठवला. "प्रवासभर टिकलं की!" असं त्यांचं उत्तर आलंय. मी नमस्काराचे हात पाठवलेत.