गिरणीच्या जमिनीतला तिसरा हिस्सा

सकाळी साडेनऊला लोअर परळ स्टेशनच्या पुलावर उभं राहून पाहा. बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याहून आलेली माणसं खांद्याला खांदा घासत काचेच्या इमारतींकडे निघालेली असतात. त्या इमारती गिरण्यांच्या जमिनींवर आहेत. मॉल, कचेऱ्या, हॉटेलं, टॉवर, सगळं एकाच आवारात. तिथे काम करणाऱ्याला परवडेल असं घर मात्र तिथे नाही.

मिश्र वापराला विरोध कशाला करू? गिरणगाव तेच होतं. तळमजल्यावर वाण्याचं दुकान, वर खोल्या, त्यातल्याच एखादीत खानावळ, समोर गिरणीचं गेट. भोंगा झाला की माणूस चालत खात्यात पोचायचा आणि खोलीचं भाडं पगारात बसायचं.

ते पुन्हा जमलं असतं. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58चा हिशेब सोपा होता: गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001मध्ये राज्य सरकारने हा नियम बदलला. त्यानंतर वाटणी व्हायची ती फक्त गिरणीतल्या मोकळ्या जमिनीची. समजा, गिरणी 30 एकरांची आहे आणि 20 एकरांवर शेड उभ्या आहेत. आधी घरांना दहाएक एकर मिळाले असते, आता जेमतेम तीन. उच्च न्यायालयाने 2005मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, तो मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. त्या दिवशी गिरणगाव हातचं गेलं.

सरकारही विकणाऱ्यांतच होतं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने 2005मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे 17 एकर जमीन डीएलएफला 702 कोटींना विकली. सात वर्षांनी तीच लोढांनी सुमारे 2700 कोटींना घेतली. नुसत्या जमिनीला एवढे मोजल्यावर वरचा फ्लॅट कारकुनाला कसा परवडणार? भरपूर बांधा म्हणजे घरं स्वस्त होतील, असं आपल्याला सांगत आले. परळमध्ये भरपूर बांधलं. स्वस्त काय झालं, ते दाखवा.

18 जानेवारी 1982ला संपावर गेलेल्या गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे घरांसाठीचे अर्ज दीड लाखाच्या वर आहेत. सोडतींत लागलेली घरं वीस हजारांच्याही आत. बाकीच्यांना शेलू-वांगणी दाखवली जाते, बदलापूरच्याही पुढे. त्याविरुद्ध जुलै 2025मध्ये म्हातारे कामगार भर पावसाळ्यात आझाद मैदानात आले होते. त्यांची मागणी वाजवी आहे: घर मुंबईतच द्या.

महामंडळाच्या ताब्यात अजूनही गिरण्यांच्या जमिनी आणि चाळी शिल्लक आहेत. त्या सरकारी आहेत, म्हणजे आपल्या. तिथे पुढचा आराखडा येईल तेव्हा आधी घरांचा हिस्सा किती ते विचारा, आणि तो पूर्ण एक तृतीयांश नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा.