बाटलीबंद होईपर्यंत बेहिशेबी
डिजिटल करअनुपालन, म्हणजे बीजके व विवरणपत्रे संगणकप्रणालीवर वेळेत भरणे, याचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञाला भारतात आकडेवारीची ददात नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून कर चुकवणे अवघड झाले की चुकवणारेच अधिक तंत्रकुशल झाले, एवढाच काय तो वाद उरतो. जललेखा, म्हणजे पाणी किती आले, कोठे गेले आणि कोठे मुरले याचा जमाखर्च, मांडू पाहणाऱ्याच्या हाती मात्र नमुना क्रमांक ७ चा पाणीमागणी अर्ज येतो, ज्यात शेतकरी पीक व क्षेत्र लिहितो, आणि पाटाच्या पाण्याची आकारणीही पुष्कळदा त्याच हेक्टरी हिशेबाने उरकली जाते. पाणीवापर संस्थांना घनमापनाने (मोजून) पाणी देण्याचे महाराष्ट्राने २००५ मध्येच कायद्यात लिहून ठेवले असले, तरी चारीवरची मोजपट्टी अनेक ठिकाणी गाळात उभी असते, आणि उसाच्या फडात शिरलेल्या आवर्तनाकडे ई-वे बिल, अर्थात मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, मागण्याचा अविचार अद्याप कोणी केलेला नाही. हेच पाणी बाटलीत शिरून सीलबंद झाले, की त्याला संकेतांक मिळतो, करदर मिळतो, बीजक मिळते, आणि शासनाला ते मिलिलिटरपर्यंत दिसू लागते.