बहिणीच्या सहीचं भांडवल

एका कॉलेजच्या उद्योजकता शिबिरात पाहुण्यांनी निदान केलं की मुलींमध्ये जोखीम घ्यायची वृत्तीच कमी. मुलगे कसे बिनधास्त उडी घेतात! टाळ्या मुलींच्या बाकांवरून जरा कमी पडल्या. हॉस्टेलचं फाटक सातला बंद होतं, म्हणून निम्म्या आधीच उठून गेल्या होत्या.

आता ही उडी बघू. चिरंजीव इंजिनीअर होतात, वर्षभरात नोकरीला विटतात आणि जाहीर करतात, "मला कुणाच्या हाताखाली राबायचं नाही." आईचा ऊर भरून येतो. (हेच वाक्य मुलगी बोलली की स्थळं बघायला सुरुवात होते.) बँक तारण मागते. तारण म्हणजे गावची जमीन, आणि वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून ताईचंही नाव लागलेलं!

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. आम्ही तो जेवायला बोलावून परत घेतो. ताई माहेरी येते, पुरणपोळी होते, भाचरांच्या हातावर खाऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र, अंगठा, फोटो. साक्षीदार मामा, त्यांनी स्वतःच्या बहिणीचं इथेच सोडवून घेतलेलं, त्यांना खिडकी पाठ. माहेर तुटायच्या धास्तीने ताई कागद वाचतही नाही. संध्याकाळी तिला साडी. असा गुंतवणूकदार जगात सापडायचा नाही. व्याज नाही, हिशेब नाही, हिस्सा नाही, वर दिवाळीला येऊन ओवाळतो! दीड वर्षात धंदा बसतो. बसू दे, पोरगा अनुभवाने शहाणा झाला. पुढच्या शिबिरात 'अपयशातून शिकताना' या विषयावर त्याचंच भाषण. अहो, पण बुडालं कुणाचं? त्या जमिनीत ताईचाही वाटा होता ना? मग जोखीम घेतली कुणी? ज्या बाईला धंदा कसला हेही कुणी सांगितलं नाही, तिने घेतली, आणि वृत्ती कमी म्हणून बोलणीही तिच्याच जातीला!

इकडे ताई सासरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक वाढलं, दोन मशीन आणखी घ्याव्यात म्हणून ती बँकेत जाते. साहेब अर्ज उलटा करून बघतात, मिस्टर काय करतात ते विचारतात, मग तारण विचारतात. तारण नाही म्हटल्यावर चष्मा काढतात.

"मग जामीनदार आणा. माहेरी कुणी भाऊबिऊ असेल ना, व्यवसाय करणारा?"