जोतेभाऊ

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ, बेला, भीमपूर या पैनगंगेकाठच्या मराठी पट्ट्यात कुणी परसात चार टिनं टाकायचं मनात आणलं, की जोतेभाऊ हजर होतात. त्यांना बोलवावं लागत नाही. कुदळीचा पहिला घाव त्यांना तीन गल्ल्या पलीकडून ऐकू जातो. गावागणिक आडनाव वेगळं. कुठं ते निवृत्त मास्तर असतात, कुठं मार्केट यार्डातले जुने मापाडी. ओळखायचं ते नजरेवरून. ही नजर भिंतीकडे जात नाही, थेट भिंतीच्या बुडाशी जाते. लग्नाच्या मांडवातसुद्धा भाऊ नवरदेवाआधी खांबाचा खड्डा बघून येतात.

यजमानाची गरज माफक असते. फवारणीचा पंप, युरियाची पोती, डवरे-वखर ठेवायला आठ बाय दहाचं शेड. पंप ओसरीवर राहिला की बायको बोलते, एवढंच खरं कारण. “चार खांब रोवू न् टिनं ठोकू,” तो म्हणतो. भाऊ त्याच्याकडे कीव आल्यागत बघतात. “रोव ना. आषाढात दार उघडणार नाई, वैशाखात लागणार नाई.”

या एका बाबतीत भाऊ शंभर टक्के बरोबर असतात, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. आदिलाबादची काळी माती कापसाला आई आणि बांधकामाला सासू. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शिवाय तिचा जोर चालतो तो हलक्यावर. जड घर आपल्या वजनानं तिला जरा दाबून तरी धरतं. टिनाचं शेड ती सहज वर उचलते, तेही एकाच कोपऱ्यातून.

म्हणून काळी काढायची आणि मुरूम भरायचा, हा भाऊंचा मंत्र. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी याच मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा मीटरभर जाडीचा थर वर दाबून बसवला की खालच्या काळीची फुगवण आवरते, असं त्यांनी दाखवून दिलं. मुरूम चांगला निघाला तर हे काम करतो. मी हे भाऊंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “बरोबर हाये त्यायचं.”

मग फक्की पडते. तीन, चार, पाच फुटांची दोरी ताणून काटकोन काढला जातो. मेस्त्रीकडे गुण्या असतो, पण भाऊंचा लोखंडावर विश्वास नाही. लेवलच्या नळीत पाणी भरलं जातं. तिच्यात एक बुडबुडा दिसला की भाऊ ती पुन्हा रिकामी करायला लावतात. मुरूम सहा-सहा इंचांनीच टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर धुमस. मेस्त्री तेलुगूत “सरे, सरे” म्हणतो आणि भाऊंची पाठ वळली की फूटभर मुरूम एकदम लोटतो. भाऊ परत येतात, टाच मारतात, आवाज ऐकतात. तेवढा सगळा मुरूम पुन्हा वर निघतो.

दोन फूट ठरलेला खड्डा अडीचवर जातो, मग साडेतीनवर. शेजारी विचारतो, विहिरीला मंजुरी कधी आली?

सिमेंटचं पोतं उतरलं की भाऊंना राजकारण सुचतं. आदिलाबादला सीसीआय दोन: एक कापूस घेणारी, दुसरी सिमेंट करणारी, आणि दुसरीचा कारखाना नव्वदच्या दशकातच बंद पडलेला. “म्हणजे विकाले हाये, बांधाले नाई.” तिथून गाडी राज्यांवर येते. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं, किनवट-राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण आंध्रात राहिलो. २०१४ मध्ये तेलंगणा झालं. २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार झाले. निदान ठरलेलं: “सरकारनं काळी काढलीच नव्हती.”

दसऱ्याच्या सुमाराला जोतं पुरं होतं. आणि काय होतं म्हणता! भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर, पाणी बाहेर पळेल असा हलका उतार, कडेला दगडी चिरे. आठ बाय दहाचं बारा बाय पंधरा कधी झालं हे यजमानाला बिलावरून कळतं. त्यावर सोयाबीन वाळतं, वेचणीचा कापूस पडतो, संध्याकाळी चार माणसं तंबाखू मळत बसतात. सरपंचाची सभाही एकदा तिथेच झाली.

शेड? टिनं आलेली असतात, पाईप आलेले असतात. पण पाईप बसवायला जोत्यात भोकं पाडावी लागतात, आणि मेस्त्रीनं ड्रिल लावलं की भाऊ आडवे येतात. “बाजूनं पाणी शिरन ना बे! एवढं दाबलं ते कायले?” यजमानाचा पैसा मुरमात मुरलेला, बायकोचा धीर संपलेला. शेवटी जोत्याच्या शेजारीच, उघड्या काळीत चार खांब रोवून, तात्पुरतं म्हणून शेड उभं राहतं. पंप आत जातो.

आषाढात त्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आवाज ऐकून भाऊ येतात, कललेला खांब बघतात, आणि त्यांचा चेहरा खुलतो.

“आधीच सांगतलं होतं ना मी?”

आणि यजमानाला आत बोलावून चहा पाजावा लागतो.