साडेचारशे जीएसएमचं बॅडमिंटन

सोलापूरचा माणूस मुंबईला जातो तो मोठ्या दवाखान्यासाठी, मंत्रालयातल्या कामासाठी, नाहीतर लग्नाला. ‘बॅडमिंटन बघायला चाललोय’ असं मी गल्लीत सांगितलं, तेव्हा समोरच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, “घरी सगळं बरं आहे ना?”

काकूंना कसं सांगणार की हे प्रकरण थेट जकार्त्याहून सुरू झालं होतं? 2018च्या जुलैत तिथे लक्ष्य सेन आशियाई ज्युनिअर विजेता झाला. मुलांच्या एकेरीत 1965 साली गौतम ठक्कर जिंकले होते, त्यानंतर भारताचा हाच. अंतिम सामन्यात त्याने हरवलं ते थायलंडच्या कुनलावुत वितिदसर्नला, म्हणजे ज्युनिअर गटातल्या जगज्जेत्याला. मग नोव्हेंबरात, कॅनडातल्या मार्कहॅमला, जागतिक ज्युनिअरच्या उपांत्य फेरीत वितिदसर्नने लक्ष्यला तीन गेममध्ये हरवून उट्टं काढलं. आणि लगेच त्या महिन्याअखेरीस दोघेही टाटा ओपन इंडिया इंटरनॅशनल चॅलेंजसाठी मुंबईत! दोघेही सतरा वर्षांचे. आमच्या सकाळच्या बॅडमिंटन मंडळात यावर इतकी चर्चा झाली की कोर्ट मोकळं असूनही कोणी खेळायला उतरेना. प्रत्यक्ष जायचं म्हटल्यावर मात्र एकाला जीएसटीचं रिटर्न आठवलं, दुसऱ्याला मेहुणीचं डोहाळजेवण. उरलो मी एकटा.

आणि अण्णा. अण्णा बॅडमिंटन खेळत नाहीत, बघत नाहीत, त्याबद्दल त्यांना आकसही नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टेरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू आणि कानडी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि भांडायला मराठी, अशी त्यांनी भाषांची सोलापुरी वाटणी करून ठेवली आहे. मुळजी जेठा मार्केटातल्या एका व्यापाऱ्याकडे त्यांचे पैसे अडकले होते.

“शनिवारी वसुली. रविवारी मार्केट बंद. मग रविवारी मी काय करू सर? तुमचं ते फूल मारलेलं बघतो की.”

शिवाय त्यांचा भाचा या स्पर्धेत लाइन अंपायर होता, त्यामुळे आत शिरायची सोय त्यांच्याच हातात होती. म्हणजे कागदोपत्री मीच अण्णांबरोबर चाललो होतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहाच्या पुढे सोलापूर सोडते. अण्णांचं सामान म्हणजे एक पिशवी कपड्यांची, एक डबा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा, आणि एक भलं मोठं गाठोडं नमुन्याच्या टॉवेलांचं. हे गाठोडं बर्थखाली मावेना म्हणून ते त्यांनी उशाला घेतलं आणि कुर्डुवाडीपर्यंत बसल्यासारखेच झोपले. अपरात्री पुणे लागलं. बॅडमिंटनचे नियम 1873 साली याच गावात इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून काढले. नियम लिहायचे तर पुण्यातच, हे त्यांना इतक्या लवकर कळलं याचं कौतुक वाटतं. परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर. साल 1956, मलायातली सेलांगोरची स्पर्धा, आणि नाटेकर मूळचे सांगलीचे. पुण्याचं झालं, सांगलीचं झालं, मग या खेळात सोलापूरचं योगदान काय, असं मी वरच्या बर्थवरून हळहळत म्हणालो.

खालून अंधारातून आवाज आला, “घाम कशानं पुसतात?”

शनिवारी अण्णा वसुलीला गेले आणि मी उपांत्य सामने पाहिले. रविवारी, 2 डिसेंबरला, दोघे मिळून अंतिम सामन्यांना गेलो. मुंबईच्या क्लबांत चपला चालत नाहीत असं भाच्याने बजावलं होतं, म्हणून अण्णांनी मुलाचे स्पोर्ट्स शूज घातले होते. ते एक नंबर मोठे होते. चर्चगेटला उतरल्यापासून अण्णांचे पाय अगोदर आणि बूट नंतर वळत होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया म्हणजे ब्रेबर्न स्टेडियम. नाव क्रिकेटचं, बांधकाम 1937चं, आणि आम्ही आलो बॅडमिंटनला. अण्णांना यात काही वावगं वाटलं नाही. “आपल्या चादर कारखान्यात टॉवेल निघतातच की.”

टीव्हीवर बॅडमिंटन बघणाऱ्याला इंटरनॅशनल चॅलेंज म्हणजे काय ते कळत नाही. वर्ल्ड टूरच्या खालची ही पायरी. इथे झगमगाट नसतो, धूर सोडत खेळाडूंची एन्ट्री नसते. बक्षीस बेताचं, रँकिंगचे गुण महत्त्वाचे. सगळे आपापल्या खांद्यावर दोन-दोन किट बॅगा लटकवून फिरतात, आपली बाटली आपण भरतात. कॉरिडॉरमध्ये, जिन्याच्या पायऱ्यांवर, चार्जिंगच्या बोर्डाखाली, जिथे बघावं तिथे आंतरराष्ट्रीय खेळाडू. कोणी केळं सोलतंय, कोणी कानात बोळे घालून भिंतीला टेकून झोपलंय, कोणी दोरीवरच्या उड्या मारतंय आणि आपण मध्ये आलो म्हणून थांबून आपल्याला वाट देतंय. ज्यांचे व्हिडिओ मी रात्र रात्र स्लो करून पाहिले, ते माझ्यासाठी दोरी थांबवत होते. प्रेक्षक मोजकेच. त्यात पालक निम्मे.

माझी तयारी पक्की होती. इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं होतं, ज्यात जकार्ता होतं, बॅकहँड होता आणि शेवटी शुभेच्छा होत्या. लक्ष्य सेन समोरून आला. सडपातळ पोरगा, खांद्यावर बॅग, नजर कुठेतरी लांब. मी भिंतीला इतका चिकटलो की पाठीला चुना लागला. तो गेला. वाक्य तोंडातच राहिलं. खेळाडूंच्या थोरवीपुढे चाहत्याची वाचा बसते, हे मी अण्णांना समजावून सांगितलं.

“बोलायला काही असलं तर माणूस बोलतोय,” अण्णा म्हणाले.

आणि त्यांच्याकडे होतं. अण्णांनी आल्या आल्या सगळ्या टॉवेलांची पाहणी केली होती. खुर्चीच्या पाठीवर, बॅगेवर, रेलिंगवर वाळत टाकलेल्या प्रत्येक टॉवेलाच्या कडेला अंगठा आणि तर्जनी लावून, चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे किती जीएसएम, ते सांगत ते पुढे सरकत. “हा साडेतीनशे जीएसएम. हा साडेचारशे, बरा हाय. हा टॉवेल नव्हं, पायपुसणं.” एका प्रशिक्षकाने हे पाहिलं आणि आपल्या खेळाडूचा टॉवेल शांतपणे उचलून बॅगेत ठेवला.

मग कॉरिडॉरच्या टोकाला ते घडलं. एक परदेशी पोरगा जमिनीवर पाय पसरून बसला होता. जॅकेट काढून ठेवलेलं, त्यामुळे नाव नाही, देश नाही. त्याने रॅकेटच्या दांड्यावरची जुनी ग्रिप सोलून काढली. आतून लाकूड निघालं, त्यावर राहिलेला गोंद त्याने नखाने खरवडला. मग बॅगेतून पिवळा रोल काढला, पाठीचा कागद सोलला, आणि दांड्याच्या तळाशी टोक चिकटवून तो रॅकेट फिरवायला लागला. हात जागच्या जागी, फिरत होती ती रॅकेट, आणि पट्टी तिरपी, एकावर एक जेमतेम चढत वर सरकत होती. टोकाला कात्रीने तिरका काप, वर चिकटपट्टी, आणि मग पांढरी पावडर चोळून दोनदा मूठ आवळून बघितली.

अण्णा उकिडवे बसले. मोठे बूट मागे राहिले.

“सर, ते काय गुंडाळलालंय पोरगं?”

“टॉवेल ग्रिप. घामाने हात घसरू नये म्हणून.”

“टॉवेल?” अण्णांनी सरळ त्या पोराच्या हातातली रॅकेट घेतली. अंगठा उलटा फिरवला, टेरीचे फासे उभे राहिले. “अहो, हे तर आपलं कापड! दोन बीमचा माल हाय हा. कॉटन. फासा एकाच बाजूला.” गेली कित्येक वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या घरावरून रॅकेट घेऊन जातो, आणि आपला माल या दांड्यावर जातो हे मी त्यांना कधी बोललो नाही, याचा त्यांना मनापासून राग आला. मी कृत्रिम ग्रिप वापरतो हे सांगण्याची ही वेळ नव्हती.

पुढचा संवाद मराठी, हिंदी आणि खुणांत झाला. अण्णांनी गाठोड्यातून एक पांढरा टॉवेल काढून पोराच्या हातात दिला. त्याने तो तोंडावर दाबला, मान हलवली, हसला, अंगठा वर केला. अण्णांनी टॉवेल त्याला देऊन टाकला आणि बदल्यात जमिनीवर पडलेल्या जुन्या ग्रिपकडे बोट दाखवलं. काळपट, घामाने कडक झालेली ती पट्टी त्याने जरा संकोचूनच दिली. अण्णांनी ती नाकाशी नेली. “शंभर टक्के कॉटन,” ते म्हणाले, आणि कागदात बांधून खिशात ठेवली. मग त्यांनी चटणीचा डबा उघडला, तेव्हा मात्र मी आडवा आलो. खेळाडू अनोळखी माणसाकडून काही खात नाहीत, उत्तेजकाच्या चाचण्या असतात.

“चटणीत कसलं आलंय उत्तेजक? लसूण हाय.”

पोराने नम्रपणे हात जोडले. अण्णांनी डबा बंद केला, पण खेळाडूंबद्दलचं त्यांचं मत तेवढ्यापुरतं खाली आलं.

महिलांच्या अंतिम सामन्यात आसामची अश्मिता चालिहा आणि समोर वृषाली गुम्मडी. तेलुगू आडनाव ऐकताच अण्णा ताठ बसले. त्यानंतर हॉलमध्ये वृषालीच्या प्रत्येक गुणाला एक खणखणीत “चाला बागुंदी!” उमटत राहिलं. भाचा रेषेवरच्या खुर्चीत बसून समोर बघत होता. लाइन अंपायरने प्रेक्षकांत ओळख दाखवायची नसते, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. सामना अश्मिताने जिंकला. अण्णांनी तिलाही टाळ्या दिल्या, आणि शटल किती वेळा बदललं ते मला सांगितलं. त्यांना हा खेळ आवडत होता, पण फुलाची ही उधळपट्टी बघवत नव्हती. हंसाची सोळा पिसं, पाच ग्रॅमच्या आसपास वजन, आणि एक पीस वाकलं की खेळाडू अंपायरकडे बघून फूल वर धरतो, अंपायर मान डोलावतो, नवीन फूल येतं. आमच्या मंडळात पिसं चार उरेपर्यंत फूल चालतं, आणि त्यानंतर ते सेक्रेटरी नेटच्या सरावासाठी ठेवतात.

मग लक्ष्य आणि वितिदसर्न. मी खुर्चीच्या टोकावर. जकार्ता, मार्कहॅम आणि आता मुंबई, असा तिसरा अंक बघायला मी रात्रीचा प्रवास करून आलो होतो. तिसरी गेम, घामाघूम चेहरे, लांबलचक रॅली, एक-एक गुणाची झुंज, हे सगळं मी मनात आधीच बघून ठेवलं होतं. लक्ष्यने 21-15, 21-10 असा सरळ निकाल लावला. थाई पोराला पुढे सरकू दिलं की मागे लांब टोलवायचं, मागे गेला की नेटवर अलगद सोडायचं. वितिदसर्न परतवतच होता, पण एक पाऊल उशिरा.

“संपलं?” अण्णा म्हणाले. “तीन गेमचं म्हणत होता ना तुम्ही?”

त्यानंतर दोन्ही पोरं कुठच्या कुठे गेली. लक्ष्य 2021च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला, 2022 मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, त्याच वर्षी राष्ट्रकुलचं सुवर्ण. वितिदसर्न 2023 मध्ये कोपनहेगनला जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक रौप्य. लक्ष्य तिथे चौथा. कोपनहेगनच्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पेपर घेऊन माझ्या दारात.

“हाच तो. आपला टॉवेलवाला.”

मी पुष्कळ समजावलं. त्या पोराचे केस वेगळे होते. तो उंच होता. तो त्या रविवारी एकेरीचा अंतिम सामना खेळणार असता तर तासभर आधी कॉरिडॉरमध्ये उकिडव्या सोलापूरकराशी टॉवेलाचा व्यवहार करत बसला असता का? बहुधा तो दुहेरीतला होता आणि शनिवारीच हरलेला होता. अण्णांना हे पटत नाही. ती कडक ग्रिप त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे, सिद्धरामेश्वरांच्या फोटोखाली, काचेच्या चौकटीत आहे. खाली पाटी आहे, ‘जगज्जेता’. नाव लिहिलेलं नाही, कारण स्पेलिंगवर मी आणि भाचा अजून एकमत होऊ शकलो नाही.

माग मात्र थांबला नाही. अण्णांनी महिनाभरात टॉवेल ग्रिपचा नमुना काढला. पहिल्या मालाच्या कडा उसवल्या आणि माझ्या हाताला धागे लागले. दुसऱ्याचा गोंद सोलापूरच्या मे महिन्यात वितळला आणि रॅकेट माझ्या हातातून सुटेना, सामना संपल्यावरही. आता कडा शिवलेल्या असतात, गोंद बदललाय, आणि आमचं सगळं मंडळ, काहीसं नाइलाजाने, पिवळ्या ग्रिपवर खेळतं. वाचकांपैकी कोणाचा क्लब असेल तर कळवा. पांढरा आणि पिवळा असे दोनच रंग, ऑर्डर किमान पाच डझन, आणि सोबत एक नॅपकिन मोफत.