चोराला मोकळीक, गिऱ्हाइकावर पहारा

परवाना विभागाच्या साहेबांनो,

माजलगावात माझं पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. तुमच्या सॉफ्टवेअरचे पैसे मी दरवर्षी आगाऊ भरतो, जीएसटीसकट. ऐन लग्नसराईत मशीन इतकं रेंगाळलं की पत्रिकेतलं एक नाव सरकवायलाही वाट बघावी लागली, म्हणून टास्क मॅनेजर उघडला. तुमचं सॉफ्टवेअर बंद होतं, पण तुमच्या प्रोसेस चालूच. एक परवाना तपासतेय, दुसरी अपडेट हुडकतेय, तिसरी तुम्हाला काय कळवतेय ते मला आजही माहीत नाही. बंद केल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकायला गेलो, तर ते गेलं तरी तपासणारी सेवा मागे राहिलीच. कपाट विकणाऱ्यानं आपला माणूस गिऱ्हाइकाच्या घरात मुक्कामाला ठेवावा, तसं तुम्ही वागता.

रेंज गेली की परवाना पडताळता येत नाही, म्हणून एखाद दिवशी कामच अडवता. नेट कधी जातं हे आमच्या हातात नाही. दारात उभ्या असलेल्या मुलीच्या बापाला मी काय सांगायचं?

आणि हा जाच कुणाला? क्रॅक कॉपीवाला पहिल्याच दिवशी तुमची सेवा मोडतो, तुमच्या सर्व्हरची वाट बंद करतो आणि निवांत धंदा करतो. तुमच्या पहाऱ्यात सापडतो तो फक्त पैसे मोजणारा. चोर पकडता येत नाही, म्हणून सावाची झडती घेता, तीही रोज आणि चोरून.

असं आधीही घडलंय. 2005 मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीनं नक्कल रोखायच्या नावाखाली गाण्यांच्या सीडीतून लोकांच्या संगणकात लपलेलं सॉफ्टवेअर घुसवलं होतं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाईल ते नजरेआड करी, आणि त्याच आडोशाला व्हायरस येऊन बसले. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबरअखेर हे उघड केलं. नोव्हेंबरात कंपनीला सीडी माघारी घ्याव्या लागल्या. त्यातही विकत घेणाऱ्यांचंच नुकसान झालं.

‘तुम्ही अटी मान्य केल्यात’ असं सांगू नका. तो इंग्रजी करार वाचून समजून घेणारा दुकानदार मला दाखवा. वैयक्तिक डेटाच्या 2023 च्या कायद्यात संमती मागणारी सूचना मराठीतूनही वाचायला मिळावी, अशी तरतूद आहे. तुमच्याकडून आजवर मराठीत एक ओळ आलेली नाही.

कोणती प्रोसेस कशासाठी चालते, माझ्या मशीनमधून काय बाहेर जातं, नेट नसताना किती दिवस काम चालेल आणि सॉफ्टवेअर काढल्यावर सगळं कसं निघेल, हे मराठीत लेखी कळवा. नूतनीकरणाचं बिल आलं आहे. उत्तर येईपर्यंत ते भरणार नाही.

माजलगावचा एक परवानाधारक