पगार किती?

पोर्तुगालला जायचं ठरलं तेव्हा मी फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप घेतलं, बायकोनं दशम्या घेतल्या आणि वसईच्या मावशीनं फक्त मराठी घेतली. दहा दिवसांत अ‍ॅप वारंवार गोल-गोल फिरत बसलं, दशम्या तिसऱ्या दिवशी संपल्या, मराठी मात्र शेवटपर्यंत पुरली.

मावशी बहात्तर वर्षांची. तिचं बालपण वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या भिंतींवरून उड्या मारण्यात गेलं. १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, हे ती अशा थाटात सांगते की अप्पांच्या मोर्च्यांवर डबे हीच पोचवत होती असं वाटावं. "दोनशे वर्षं ते आपल्याकडे राहून गेले," ती म्हणाली, "आपण दहा दिवस जाऊन आलो तर काय बिघडलं?" पाहुणचाराच्या या हिशेबापुढे माझं काही चाललं नाही.

लिस्बनमध्ये पहिल्याच रात्री अ‍ॅपची परीक्षा झाली. आमचं छोटंसं हॉटेल जुन्या चढावरच्या गल्लीत होतं. तसं लिस्बन सगळंच चढावर आहे. सात टेकड्यांचं शहर म्हणतात. आठवी असती तर तिच्यावरही आमचंच हॉटेल असतं. काउंटरवरच्या बाईंना मी फोन दाखवला. त्यांनी वाचलं, भुवया उंचावल्या आणि मला पाण्याची बाटली दिली. मावशी मला बाजूला सारून पुढे झाली, तळहात पसरला आणि म्हणाली, "चावी." बाईंनी हसून पितळेची चावी तिच्या हातावर ठेवली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "शाव्ह."

मग मी जिन्यातच व्याख्यान दिलं. चावी, पाव, बटाटा, कोबी, परात, बिजागरी, लिलाव, तुरुंग हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. मावशी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबली. "माणसं गेली, सामान राहिलं," म्हणाली. "भाडेकरूंचं असंच असतं."

दुसऱ्या दिवशी बेलेम. इथल्या जेरोनिमोस मठाचं बांधकाम १५०१ साली सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. दगडाचे खांब इतके नाजूक कोरलेत की मावशीनं कापड तपासावं तसं एकाला चिमटीत धरायचा प्रयत्न केला. खर्चाचा मोठा भाग पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून निघाला, हे मी सांगायला नको होतं. त्यानंतर ती प्रत्येक कमानीखाली थांबायची आणि "ही मिऱ्यांची", "ही दालचिनीची" अशी वाटणी करायची.

आत शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर लागते. १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागलेला, १५२४ मध्ये कोचीत वारलेला हा माणूस कोरीव दगडात उताणा पडलाय, छातीवर दोन्ही हात जोडून. मावशीनं चष्मा पुसला आणि बराच वेळ ते हात न्याहाळले. म्हणाली, "आता जोडलेत! तेव्हा जोडून आला असता तर चहा तरी पाजला असता." तेव्हा आपल्याकडे चहा नव्हता, हे मी बोललो नाही. एवढं मीही शिकलो होतो.

जवळच बेलेमचा बुरुज आहे. त्याच्या एका कोपऱ्याच्या छत्रीखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानानं दिलेला हा गेंडा गोव्याहून जहाजानं निघाला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. राजा मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजानं गेंडा पोपला भेट पाठवला आणि तो वाटेत जहाजासकट बुडाला. माझी मान आखडेपर्यंत शोधल्यावर ते डोकं सापडलं. पाचशे वर्षांच्या वाऱ्या-पावसानं शिंग पार झिजलंय. बायकोला त्यात घूस दिसली. मावशी हळहळली, "आपल्याकडून निघालेला एक जण तरी धड घरी परतला का रे?"

तिचं मन रमवायला कस्टर्डचे गरम पेढे, म्हणजे 'पास्तेल' खायला गेलो. बेलेममधलं ते दुकान १८३७ पासूनचं आणि कृती गुप्त. पूर्वी मठांत कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या पिवळ्याची मिठाई करत, असं सांगतात. मावशीनं एक तोडला, दुसरा तोडला, तिसऱ्यावर दालचिनी भुरभुरली. "गुपित कसलं डोंबलाचं? कपडे कडक, जीभ मऊ!"

कोइम्ब्राचं विद्यापीठ १२९० सालचं. तिथल्या जोआनिना ग्रंथालयात सोन्याच्या मुलाम्याची कपाटं आहेत आणि रात्री वटवाघळं. ती पुस्तकं खाणारे किडे खातात, म्हणून त्यांना कोणी हाकलत नाही. संध्याकाळी टेबलांवर चामडी आच्छादनं घालतात, सकाळी साफसफाई. मावशी एवढी कशानंच खूश झाली नव्हती. "आमच्या किल्ल्यात पण आहेत वटवाघळं. पण बिचाऱ्यांना कुणी नोकरी दिली नाही."

एव्होराला हाडांचं चॅपेल आहे. भिंती, खांब, सगळीकडे माणसांची हाडं आणि कवट्या चिणलेल्या. दारावरचा मजकूर असं सुचवतो की आतली हाडं तुमच्या हाडांची वाट बघताहेत. मी अर्थ सांगितल्यावर बायकोचा चेहरा उतरला. मावशीनं शांतपणे उंबऱ्यावर बसून गुडघे दाबले. "माझे गुडघे आताच ठेवून घ्या म्हणावं. बाकीचं सावकाश."

शेवटचा मुक्काम पोर्तो. साओ बेन्तो स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये लढाया, लग्नं, मिरवणुका रंगवल्यात; सुमारे वीस हजार फरशा. गाडी सुटते ती त्या बघताना. आमची सुटली. मग नदीकाठी जेवायला बसलो. पलीकडच्या काठावर वाईनची लाकडी पिंपं. त्यांना तिथे 'पीपा' म्हणतात, हे ऐकून मावशीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता मावशीची एक खोड आहे. रिक्षावाला असो, बँकेतला शिपाई असो की लग्नाला उभा राहिलेला मुलगा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या टेबलावरचा पोरगा पायऱ्यांवरून ताटं घेऊन वर-खाली धावत होता. त्यानं मासे आणून ठेवले तशी ती कळवळून म्हणाली, "काय रे बाळा, पगार किती?"

पोरगा चपापला. मान डोलावून गेला आणि दोन मिनिटांत बिल आणि कार्डाचं मशीन घेऊन हजर. आम्ही अजून पहिला काटाही काढला नव्हता. अ‍ॅपला जाग आली ती नेमकी तेव्हा: पोर्तुगिजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. मी निमूट कार्ड लावलं. मावशी मासा सोलत म्हणाली, "मी त्याचा विचारला, त्यानं तुझा कापला."

परतल्यावर वसईत शेजारणी जमल्या. मी राजवाडे, मठ, मनोरे यांचे फोटो काढून बसलो होतो. पण सगळ्यांना मावशीकडूनच ऐकायचं होतं. तिनं लिस्बनहून आणलेली चार खडी मिरी सगळ्यांना दाखवली ("आपलीच, परत आणली"), पदर सावरला आणि निकाल दिला:

"माणसं चांगली आहेत हो. मराठी बऱ्यापैकी बोलतात. फक्त बटाट्याचा 'ट' येत नाही आणि पाव म्हणताना सगळ्यांना सर्दी झालेली असते."